आप्पांची अमेरिकन, खुशालभाईंची जर्मन

त्या दुपारी मी एका टोपीला नमस्कार केला, तिच्या तब्येतीची चौकशी केली, आणि वाईट म्हणजे मला उत्तर मिळालं.

माझा दोष एवढाच, की मी उन्हातून आत आलो होतो. सुरतेला, उधन्यात माझं पट्टे आणि बेअरिंगचं छोटं दुकान आहे. मागच्या गल्लीतल्या बंद पडलेल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या शेडमधून कोणीतरी गाडीचा पट्टा मागवला होता. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मीच घेऊन गेलो. शेडमध्ये अंधार, आणि अंधारात दोन माणसं तावातावाने भांडत होती. एक खानदेशी मराठीत, दुसरा अस्सल सुरती गुजरातीत. मी दाराशी खाकरलो. भांडण थांबलं.

"ये ना भो, आत ये," खानदेशी आवाज म्हणाला. "हे आमचे खुशालभाई. पट्टा यांच्याच गाडीचा शे."

समोर एक ठेंगणी, गोल पाठीची गाडी होती आणि तिच्यात काळी टोपी घातलेलं कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. मी हात जोडले. "नमस्कार खुशालभाई. तब्येत काय म्हणते?"

"मजामां," उत्तर आलं. "पट्टो लाव्यो? जोवा दे नी."

बघू दे म्हणतात, म्हणून मी अदबीने वाकून पट्टा पुढे धरला. कोणी घेईना. डोळे अंधाराला सरावले तेव्हा दिसलं, की टोपी सीटच्या उंच पाठीवर नुसती अडकवलेली आहे आणि तिच्याखाली डोकं नाही. शेडमध्ये माणूस एकच होता. तोंडाला फडकं बांधून, पान्याने कान खाजवत उभे असलेले आप्पा.

पट्टा तिथेच ठेवून मी परत आलो. पैसे मागायचंही सुचलं नाही, आणि मला ओळखणारे लोक यावर विश्वास ठेवणार नाहीत.

कोपऱ्यावरच्या चहावाल्याने सगळं सांगितलं. आप्पा मूळचे अमळनेरकडचे, या शेडमध्ये लूम फिटर होते. खुशालभाई इथलेच, जुने मोटार मेकॅनिक. शेडच्या मालकाला, म्हणजे मोठ्या शेठला, जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांचा नाद. एक अमेरिकन त्यांनी कुठून कुठून कागदपत्रं करून आणली, आणि एक जर्मन. लूम विकले तेव्हा गाड्या रिकाम्या शेडमध्ये आल्या आणि दोघांना त्यांच्यावर नेमलं. अमेरिकन आप्पांकडे, जर्मन खुशालभाईंकडे. मग शेठ गेले. पुढे खुशालभाईही गेले.

"कुठे गेले?" मी विचारलं.

चहावाल्याने वर बोट दाखवलं आणि साखर टाकली.

आता खरं तर मी त्या शेडच्या वाटेला जायला नको होतं. पण पुढच्या सुट्टीला माझे पाय तिकडेच वळले. आमच्या गल्लीतले लूम आठवड्यातून एक दिवस बंद असतात. एरवी तो खडखडाट इतका की इथली माणसं घरीसुद्धा ओरडून बोलतात. सुट्टीच्या दिवशी तो एकदम थांबतो. बाहेरच्या माणसाला वाटेल, किती शांत. आम्हाला तसं वाटत नाही. कान उगाच गुंगतात, आपल्या चपलेचा आवाज मागून आल्यासारखा वाटतो, आणि कोणी हाक मारली नसताना माणसं वळून बघतात. त्या शांततेत पत्र्याच्या शेडमधून दोघांचं भांडण गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू यायचं. एकदा माहीत झाल्यावर, की त्यातला एक नाही, ते ऐकत चालणं कठीण होतं. आणि न ऐकता चालणं त्याहून कठीण.

आप्पांचं तोंड दिसायचं नाही. लूमवर आयुष्य काढलेला माणूस सुताची कुस नाकात जाऊ नये म्हणून फडकं बांधतो. लूम गेले, आप्पांचं फडकं राहिलं. त्यामुळे ओठ कधी हलले ते कळायचं नाही. त्यात वरचा पत्रा आवाज कुठूनही कुठे टाकायचा. मी शपथेवर सांगतो, गुजराती आवाज जर्मनमधूनच यायचा. शपथ घ्यायला सांगितली तर मात्र मी दुकान उघडायचंय म्हणून निघून जाईन.

वाद एकच, कित्येक वर्षांचा. अमेरिकन भारी की जर्मन.

"आठ सिलिंडर, पुढे, जिथे देवाने इंजिन ठेवायला सांगितलंय तिथे," आप्पा अमेरिकनच्या लांब नाकावरून हात फिरवत म्हणायचे. "याच्या गाडीचं इंजिन डिकीत आणि डिकी बॉनेटमध्ये. असल्या गाडीवाल्याने बनियन शर्टावरून घालावं. विषय संपला भो."

जर्मनमधून आवाज यायचा, "सीधामां वाघ, वळांकमां भेंस."

सरळ रस्त्यावर वाघ आणि वळणावर म्हैस, हे खुशालभाईंचं अमेरिकनबद्दलचं शेवटचं मत. ते दर पाच वाक्यांनी यायचं.

"म्हैस तर म्हैस. दूध देते. तुझीला तर रेडिएटर पण नाही. हवेवर जगते, तुझ्यासारखी."

"पाणीज नथी तो गळशे हुं?" पाणीच नाही तर गळणार काय?

आप्पा यावर अडायचे. खरोखर अडायचे. खाली बसून विचार करायचे, कपाळ पुसायचे. मला घाम फुटायचा तो इथे. कारण जो माणूस स्वतःच बोलतोय, त्याला उत्तर का सुचू नये?

"पेट्रोल किती पिते ते सांगा, आप्पा," मी एकदा हळूच म्हणालो. माझ्याकडे स्कूटर आहे, गाड्यांबद्दल मला एवढंच विचारता येतं.

"राजाने किती खाल्लं ते कोणी मोजतं का भो? आणि दुरुस्तीला काय लागतं? चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचा पाना, हातोडी आणि एक शिवी. याच्याकडे मापं मिलीमीटरची. अर्ध्या इंचाच्या नटाला यानं एकदा तेरा नंबरचा पाना लावला होता. माझ्या गाडीच्या. नट गोल करून टाकला."

जर्मनमधून हळू आवाज आला, "एक ज वार." एकदाच.

त्या आवाजातली शरम इतकी खरी होती की मला खुशालभाईंची दया आली. मी म्हणालो, "जाऊ द्या हो आप्पा, चूक होते माणसाकडून." आणि मग लक्षात आलं की मी टोपीची बाजू घेतोय.

घरी गोडादऱ्याला येऊन हे सगळं सुरेखाला सांगायची माझी पद्धत पडली. सुरेखा म्हणजे बायको. ती कणीक मळत ऐकायची.

"आज तोंड का पडलंय?"

"खुशालभाई मला म्हणाले, तुला पट्ट्यातलं काही कळत नाही."

"ते वारलेत ना?"

"हो."

"मेलेल्या माणसाचंसुद्धा तुमच्याबद्दल हेच मत असेल, तर मी एकटीच चुकीची नाही."

शेठचा मुलगा जिग्नेश आला त्या दिवशीही लूम बंद होते आणि मी तिथेच होतो. मुलगा मनाने चांगला. आल्याआल्या आप्पांच्या पाया पडला. शेड रिकामं करून द्यायचं होतं. त्याच्या नव्या बंगल्यात एकाच जुन्या गाडीला जागा होती. दुसरीला मुंबईचं शौकीन गिऱ्हाईक तयार होतं, दोन्हींपैकी कोणतीही चालेल म्हणत होतं.

"मला यातलं कळत नाही, आप्पा," तो म्हणाला. "पप्पांना दोन्ही सारख्याच. पण या गाड्या तुमच्याइतक्या कोणाला माहीत नाहीत. खरी भारी कोणती, ते तुम्ही सांगा. ती ठेवू. तिच्यासोबत तुम्हीही बंगल्यावर या. पुढच्या सुट्टीला विचारतो."

तो गेला. आप्पा दोन गाड्यांच्या मधे उभे राहिले. मी वाट बघत होतो की आता जर्मनमधून काहीतरी येईल, म्हैस तरी येईल. काही आलं नाही. लूम बंद, पंखा बंद, पत्रा उन्हाने मधूनच कडकन वाजत होता.

"सोपंच आहे की आप्पा," मी म्हणालो. "तुम्ही तर पहिल्यापासून सांगताय. अमेरिकन."

आप्पांनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं. इतक्या दिवसांत मी त्यांचं तोंड पहिल्यांदा बघत होतो. माझ्या मनात होतं त्यापेक्षा ते खूप म्हातारं होतं.

"अशीच सुट्टी होती," ते म्हणाले. "तो तिथे बसलेला, असाच पाठमोरा, टोपी घालून. मी इथे बॉनेट उघडून. वाद चाललेला. मी म्हटलं, खुशाल, तू खरं सांग, रात्री दोन्ही गाड्या समोर उभ्या केल्या आणि एकीचीच चावी मिळणार म्हटलं, तर तुझा हात कुठे जाईल? तो काही बोलला नाही. मला वाटलं, अडकला. कधी अडकायचा नाही तो. मग मी सोडलंच नाही भो. आवाजावर बोललो, रंगावर बोललो, फायबरची बॉडी गंजत नाही यावर बोललो. सगळं ऐकून घेतलं त्यानं. एक शब्द नाही. मला इतका आनंद झाला. पटलं, म्हटलं, एकदाचं पटलं याला. संध्याकाळी चहा घेऊन गेलो, चिडवायला."

मला पुढचं विचारायची गरज नव्हती.

"किती वेळ मी जिंकत होतो, मलाच माहीत नाही," आप्पा म्हणाले. "तेव्हापासून त्याची बाजू पण मीच बोलतो. त्याला बोलायला मिळालं नाही ना त्या दिवशी."

मी माझ्या दुकानात बेअरिंगं विकतो. अशा वेळी काय बोलायचं हे मला कधी कोणी शिकवलेलं नाही. मी म्हणालो, "पाणी आणू का?" आणि ते म्हणाले, "आण."

पुढच्या सुट्टीला जिग्नेश आला. आप्पांनी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला होता, फडकं नव्हतं. त्यांनी त्याला जर्मनपाशी नेलं आणि समजावून सांगायला सुरुवात केली. इंजिन मागे का आहे. वजन मागच्या चाकांवर बसल्यावर गाडी वळणातून बाहेर पडताना रस्ता कशी धरते. पाणीच नाही तर गळणार काय. अमेरिकनच्या मागे पाट्याचं स्प्रिंग आहे, टेम्पोसारखं, ती सरळ रस्त्यावर वाघ आहे, पण रस्ता कुठे कायम सरळ असतो. एकही वाक्य त्यांचं नव्हतं. सगळी खुशालभाईंची होती, आणि सगळी आप्पांच्या आवाजात, मराठीत.

"म्हणजे ही ठेवू?" जिग्नेशने विचारलं.

"हीच भारी शे," आप्पा म्हणाले. "पहिल्यापासून."

अमेरिकन ट्रकवर चढवली तेव्हा मी हजर होतो. ती सुरू होऊन स्वतः फळीवरून वर गेली. आठ सिलिंडरचा तो घोगरा, अडखळता आवाज बंद गल्लीत इतका मोठा झाला की वरच्या मजल्यांवरच्या बायका बाहेर येऊन उभ्या राहिल्या. आप्पा बाहेर आले नाहीत.

महिनाभराने मी जिग्नेशच्या बंगल्यावर गेलो. पट्टा द्यायचा होता असं मी सुरेखाला सांगितलं, पण पिशवी रिकामी होती. गॅरेज लख्ख होतं, पांढऱ्या फरशीचं, दिव्यांचं. अंधाराचं निमित्त सांगायची सोय नव्हती. जर्मन मधोमध चमकत होती. डाव्या बाजूला, जिथे परदेशी गाडीचं स्टिअरिंग असतं तिथे, टोपी. शेजारच्या सीटवर फडकं बांधून आप्पा बसले होते, समोर बघत.

"आप्पा, बरं आहे ना?" मी विचारलं.

ते हलले नाहीत. डोळेही हलले नाहीत. मी खिडकीपाशी वाकलो. "आप्पा?"

"बोलतो नथी," डावीकडून सुरती आवाज आला, अगदी सहज, बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या ओळखीच्या माणसासारखा. "हारी गयो ने, एटले."

हरला ना, म्हणून बोलत नाही.

मी टोपीकडे बघितलं. मग आप्पांकडे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी फडक्यात उतरत होतं आणि डोळे हसत होते, इतकं मी दिवसाउजेडी, शुद्धीवर असताना पाहिलं.

"खुशालभाई," मी म्हणालो, "त्यांना सांगा, मी येऊन गेलो."

"कहीश," आवाज म्हणाला. सांगेन.

घरी आलो. सुरेखा गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. मी तिथेच उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं. ती थट्टा करेल म्हणून थांबलो. तिने माझ्या शर्टाची घडी घातली, मोडली, परत घातली.

"तुम्हाला माझा आवाज काढता येईल?" तिने विचारलं.

"काहीतरीच काय."

"काढून तर बघा."

मी घसा साफ केला. "अहो, गॅस बंद केला का?" मी तिच्या आवाजात म्हणालो. निदान मला तसं वाटलं.

सुरेखा हसली नाही. कपडे हातात तसेच धरून ती माझ्यासमोर खाली बसली.

"मी असं नाही म्हणत," ती म्हणाली. "पुन्हा म्हणा."