जांभळ्या पानांच्या बारा कुंड्यांची हकीगत

श्री. ज्याच्या सत्तेनें पानास रंग चढतो आणि राजा-माळ्यांस सारखेंच भय व्यापतें, त्या कुलस्वामीचे चरण स्मरून हा मजकूर लिहिला असे. शके सोळाशें बहात्तर, प्रमोदनाम संवत्सर, श्रावण मासीं दर्यापारच्या एका सौदागरानें महाराजांस बारा कुंड्या नजर केल्या. झाडें हातभर, फूल नाहीं, फळ नाहीं, पण पान ऐसें जांभळें कीं पाहणारानें पाहतच राहावें. महाराज बहुत संतोष पावले आणि कुंड्या सदरेपुढील उघड्या चौकांत मांडविल्या आणि निगेस हैबती माळी नेमिला. हा हैबती कसबी खरा, पण जिवाचा भित्रा. बागेचे दारोगे विसाजीपंत नुसते खाकरले तरी याच्या हातची झारी सांडावी. मग राजजोशी बाळंभट यांनीं भर दरबारीं वर्तविलें कीं, पान जांभळें तोंवर गादी अढळ, पान हिरवें पडलें कीं गादी गेली. महाराजांचे धाकटे बंधू फौज बाळगून होते आणि गादीवर डोळा ठेवून होते, त्यांनींही हें ऐकिलें आणि पान जांभळें तोंवर बंड व्यर्थ म्हणून थांबले. त्यावर महाराजांस धास्ती पडली कीं झाडांस कोणाची दृष्ट लागेल. मग कुंड्या उचलून आंतल्या दिवाणखान्यांत नेल्या, खिडक्यांस जाड पडदे सोडिले, दारीं पहारा बसविला आणि हुकूम जाहला कीं एक पान जरी हिरवें दिसलें तरी माळ्यास हत्तीच्या पायीं द्यावें.

मग व्हावयाचें तें जाहलें. त्या पानांचा जांभळा रंग उन्हाच्या जिवावर. अंधारांत पंधरा दिवस काढितांच शिरांपाशीं हिरवें दिसूं लागलें. हैबतीस वाटलें झाड अशक्त जाहलें, म्हणून त्यानें घाबरेपणीं शेणखत घातलें आणि पेंडीचें पाणी घातलें, आणि झाडें माजून ताडमाड वाढलीं आणि दुप्पट हिरवीं जाहलीं. तेव्हां तो विसाजीपंतांपाशीं जाऊन रडकुंडीस येऊन बोलिला, "पंत, झाडास्नी ऊन पायजे. पडदं तेवढं उघडाया सांगा." पंत चहूंकडे पाहून हळूच बोलिले, "अरे, ऊन पाहिजे म्हणणें म्हणजे सरकारचा हुकूम चुकला म्हणणें. तूंच सांग जाऊन. मी तुझ्या मागें उभा राहीन, पण बराच मागें." हैबती घरीं येऊन ताटापुढें रडूं लागला. त्याची बायको सगुणा रंगाऱ्याची लेक, ती बोलिली, "अवं, रडतायसा काय? नीळ अन् तांबडी मंजिष्ठ कालवून डिंक घालते. पानं रंगवा. जीव तरी वाचंल." ऐसी मसलत माळ्याच्याच घरीं व्हावी! पण भयापुढें कसब काय करील? मग रोज पहांटे झाडांस पाणी द्यावयाचे मिषें हैबती आंत जाई, काडीस कापूस गुंडाळून एकेक पान रंगवी, पाणी बुडाशींच घाली आणि पानावर थेंब उडूं देईना. महाराज रोज येऊन कुंड्या पाहत, कोपऱ्यांतल्या कुंडीपाशीं जरा वांकत आणि परतत, आणि तेवढ्या वेळांत हैबतीच्या अंगीं दरदरून घाम फुटे.

ऐसा महिना गेला आणि दसरा आला. कुंड्यांची पूजा व्हावी ऐसें ठरलें. महाराज आले, बंधू आले, सरदार-मानकरी आले आणि हैबती हात जोडून भिंतीस लागून उभा राहिला. मग बाळंभटांनीं मंत्र म्हणत म्हणत दर्भानें तीर्थ घेतलें आणि चांगलें सढळ हातें झाडांवर शिंपडिलें. पानांवरून जांभळे ओघळ निघाले आणि पांढऱ्या फरशीवर टपटप पडले आणि एक थेंब विसाजीपंतांच्या धुवट अंगरख्यावर उडाला. हैबतीस भर सकाळीं हत्तीचे साखळदंड ऐकूं येऊं लागले. बंधूंनीं अंगरख्याकडे बोट करून पुसिलें, "पंत, हें काय?" पंत बोलिले, "विडा खाल्ला होता, त्याचा डाग." मग फरशीचें काय, ऐसें बंधूंनीं भटजींस पुसिलें, तों बाळंभट डोळे मिटून बोलिले, "झाडांस घाम आला. शुभ आहे." मग बंधू महाराजांकडे बघत राहिले आणि महाराज थंडपणें बोलिले, "शुभ आहे. आतां सर्वांनीं बाहेर जावें. माळी राहील."

दार लागलें आणि हैबतीनें पायांवर लोळण घेतली आणि "म्हाराज, लेकरंबाळं हायती," इतकेंच त्याच्या तोंडून निघालें. महाराजांनीं त्यास उठविलें नाहीं. आपणच त्याजपाशीं खालीं बसले. जवळून पाहतां महाराजांचे डोळे खोल गेले होते. हलक्या आवाजानें बोलिले, "कोपऱ्यांतल्या कुंडीचें खालचें पान तुझ्यानें दोन दिवस राहून गेलें. तें आम्हीं शेजारच्या ओल्या पानाचा रंग घेऊन बोटानें रंगविलें." हैबतीनें त्या कुंडीकडे पाहिलें. महाराज बोलिले, "पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. बंधूंस कळलें तर ते सांजेच्या आंत गादीवर बसतील आणि आमचें शिर वेशीवर टांगतील. तुझा हात कां कांपतो?" "भ्यानं, म्हाराज." महाराजांनीं आपला हात पुढें केला; तोही कांपत होता. हैबती धीर करून बोलिला, "पडदं उघडलं तर पंधरा दिवसांत खरा रंग येईल." महाराज बोलिले, "पंधरा दिवस हिरवीं कोणास दाखवावीं? उद्यांपासून डिंक अधिक घाल." आणि मग त्यांनीं कुंडीआड लपविलेली रंगाची वाटी आपल्या हातीं धरिली आणि हैबतीनें काडी घेतली आणि दोघांनीं मिळून ओघळलेलीं पानें पुन्हां रंगविलीं.

येणेंप्रमाणें गादी त्या वर्षीं राहिली. हैबतीस शालजोडी मिळाली आणि कुंड्यांची निगा वंशपरंपरा करून दिली, तें ऐकून सगुणा रडली. झाडें मार्गशीर्षांत मेलीं. मेलेलें पान रंग चांगला धरितें, म्हणून कोणी कांहीं बोलिलें नाहीं. जैसें घडलें तैसें लिहिलें. लिहिणारानें नांव घातलें नाहीं, कारण तोही त्याच राज्यांत राहतो.