हमीदा आणि शेटचं सांबर

"माफ करा, काल यायला जमलं नाही. घरी पाहुणे होते," हमीदा म्हणाली.

कुंपणापलीकडच्या सांबराने कान हलवले.

हमीदा आमच्या शेजारच्या बेकरीवाल्यांची मुलगी. माणसांना ती बिनदिक्कत अरे-तुरे करायची, जनावरांना मात्र अहो-जाहो. कोंबडीलासुद्धा "जरा सरकता का?" म्हणायची. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमधून सुटीला लोणावळ्यात आले, की मला ओढत जवळच्या वलवणला न्यायची. तिथे मुंबईच्या एका शेटच्या बंगल्यात मोर, माकडं आणि हे सांबर पाळलेलं होतं. बेकरीतली तुटकी नानकटाई ओढणीत बांधून आणायची, ती त्याला भरवायची आणि घरच्या बातम्या सांगत बसायची. मी नुसती उभी.

त्या दिवशीची बातमी मात्र दत्तूने आणली. दत्तू कार्ल्याचा, बंगल्यावर दूध घालायचा.

"रविवारी शेटचे पावने येनार हायती. सांबराला आवारात सोडून बंदुकीनं मारनार. माळी सांगत व्हता."

हमीदाने ओढणीची गाठ घट्ट केली. मग म्हणाली, "सगळ्यांनाच सोडवायचं. मोर, माकडं, सगळे."

"मोर रोज भितीवरनं जात्यात अन् जेवायला माघारी येत्यात. आन् माकडं सोडलीस तर आमचा भुईमूग तू भरून देनार का?"

"इथे जीव जातोय आणि तुला भुईमूग सुचतो!"

"तुला न्हाई सुचायचा. तू नानकटाईवाली."

शेवटी एकट्या सांबरावर तडजोड झाली.

शनिवारी दुपारी माळी जेवून आडवा झाला. हमीदाने कुंपणाच्या मागच्या फाटकाची कडी काढली. ती अशी करकरली, की मी पटकन बंगल्याकडे पाहिलं.

"या बाहेर. समोर रान आहे. सरळ जा, मागे बघू नका."

सांबर बाहेर आलं. त्याने रानाकडे पाहिलं आणि ते हमीदाच्या मागे चालू लागलं. ती डावीकडे वळली, तेही वळलं. ती आंब्यामागे लपली. त्याने वळसा घालून तिच्या ओढणीला नाक लावलं. सगळी सुटी आम्हीच त्याला शिकवलं होतं, की जिथे हमीदा तिथे खाऊ.

"आता हे तुज्या बेकरीत येतंय बग," दत्तू हसला, आणि हसता हसता थांबला.

आतून माळ्याचा आवाज आला. "कोन हाय रं तितं?"

"दगड मार," दत्तू कुजबुजला. "लवकर!"

हमीदाने दगड उचलला. सांबराने आशेने मान पुढे केली. दगड हातभर बाजूला पडला. दुसरा त्याहून लांब. एका दगडात कैरी पाडणारी ही मुलगी! वहाणांचा आवाज जवळ येत होता.

तिसरा त्याच्या खांद्यावर लागला. सांबर दचकलं, त्याने तिच्याकडे पाहिलं आणि ते करवंदीच्या जाळ्यांतून रानात घुसलं.

दत्तू "दुधाचं भांडं द्या" म्हणत माळ्याला आडवा गेला. आम्ही दोघी पळालो त्या थेट वलवणच्या धरणाच्या बांधापर्यंत. ही आता फुशारकी मारणार, असं मला वाटलं. पण ती खाली बसली आणि ओढणीची रिकामी गाठ सोडत, बांधत राहिली.

"आमच्या घरात सगळे बोलतात," ती म्हणाली. "मी तोंड उघडलं की कुणीतरी पाणी मागतं. ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. मी त्यांनाच दगड मारला."

मी तिच्याशेजारी बसले. 

"मला सांगत जा," मी म्हणाले. "नानकटाई नाही दिलीस तरी येईन."