बांधावरचा तांब्या

धोंडूतात्यांच्या शेतात शिरायचं तर आधी पाय धुवून घ्यावे लागत, आणि ते तात्या स्वतः बांधावरच्या तांब्यातल्या पाण्यानं धूत. "शिकल्याली मानसं टाच धूत न्हाईत," ते म्हणत. "माती भाईर ठिवा, मानूस आत या."

पंचायत समिती नवी होती. एक साहेब जीपमधून कोळवण गावात आले. तात्यांनी पाय धुतले तसे साहेब गहिवरले आणि हार-नारळाची वाट बघत उभे राहिले. तात्या म्हणाले, "नारळ कशापायी? वरल्या खाचरातनं आलाय तुमी. तितं मर हाय."

मर म्हणजे मातीतल्या बुरशीचा रोग. ती मुळातून शिरते आणि पावटा उभ्याउभ्या सुकतो. तात्यांच्या बायकोनं, काशीनं, माहेराहून आणलेला पावटा आता फक्त त्यांच्या तुकड्यात उरला होता. काशी गेली होती. तात्या रोज सकाळी रोपांपाशी उकिडवे बसून मुंग्या बघत. रोप आतून खचलं की त्यावर माव्याची कीड लवकर चढते आणि माव्यामागं मुंग्या, असा त्यांचा अनुभव. "आपल्याला पान पिवळं पडल्यावर कळतं. मुंगी डाक्टरच्या आदुगर येती."

मी शाळेत नवा मास्तर, खिशात समतेची पत्रकं. म्हाताऱ्या माणसानं माझे पाय धुवावेत ही कल्पनाच मला सहन होईना. "पायांना हात लावायचा नाही, तात्या," असं बजावून मी तांब्या ओलांडला आणि तरातरा आत गेलो. आलो होतो वरच्या खाचरातूनच.  तात्या नुसते माझ्या पावलांकडे बघत राहिले.

काही दिवसांनी पाच रोपांवर मुंग्या दिसल्या. पाचही माझ्या वाटेवरची. तात्यांनी एक खोड चिरलं. आत मरची तपकिरी रेघ. शाळा सुटली की मी रोज धावत बांधावर जायचो. पाचाची अकरा झाली, मग पुरी ओळ गेली. उपटून जाळलं, तरी रोग पुढं सरकतच होता.

पारावर कुणीतरी विचारलं, "तात्या, मर आनली कुनी?"

"माजीच म्हस घुसली," तात्या म्हणाले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ते शाळेच्या फाटकाशी आले. हातात मडक्यातलं उरलेलं मूठभर बी. "आता माज्या रानात वरसानुवरसं पावटा न्हाई. तुमच्या अंगनात लावा, मास्तर. हितली माती चांगली हाय."

ते आत पाऊल टाकणार, तेवढ्यात मी शाळेतला पाण्याचा तांब्या घेऊन खाली बसलो. त्यांनी पाय मागे घेतला.

"ऱ्हाऊ द्या. काशी भेगांत त्याल भरायची. ती गेल्यापास्नं कुनी हात लावला न्हाई. सवय न्हाई आता."

मी आधी टाच धुतली.