कपाट पानं टिकवतं

नव्या मॅडमनी खुर्चीवर बसल्या बसल्या पहिले पत्रक काढले: यापुढे कार्यालयाच्या एकाही कागदात आद्याक्षरांची नावे चालणार नाहीत, प्रत्येक ठिकाणी पूर्ण रूप लिहावे. मुदत शुक्रवारपर्यंत.

त्याला कारणही तसेच घडले होते. "हे 'जुनक' म्हणजे काय?" असे त्यांनी भर बैठकीत विचारले, तेव्हा "जुने नकाशे कक्ष" एवढे सांगायला हेडक्लार्कना खिशातली डायरी काढावी लागली. ते स्वतः त्याच कक्षात सहा वर्षे बसले होते.

दोनशे बारा पानांची पुस्तिका काकांच्या वाट्याला आली. काका म्हणजे संगणक विभागातले सर्वांत जुने प्रोग्रॅमर. त्यांना सगळेच काका म्हणत, त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले हेडक्लार्कसुद्धा. नकाशे आणि कागद जपून ठेवणारा 'कपाट' नावाचा प्रोग्रॅम बावीस वर्षांपूर्वी काकांनी आणि त्यांच्या मित्राने लिहिला होता. त्याचीच ही पुस्तिका, त्याच्यातच ठेवलेली.

"शुक्रवारपर्यंत होईल ना?" हेडक्लार्कनी विचारले.

"तासाभरात होईल. हाताने करायला मी काय कारकून आहे?"

"मी आहे," हेडक्लार्क म्हणाले आणि तोंड फिरवून निघून गेले.

काकांनी दोन ओळींचा हुकूम लिहिला: आद्याक्षरांचे नाव दिसले की तिथे पूर्ण रूप घाल. पुन्हा पहिल्यापासून वाच. असे एकही नाव उरले नाही की थांब. पुस्तिकेच्या शेवटी त्रेचाळीस नावांची यादी पूर्ण रूपांसह होतीच, ती जोडून दिली आणि काका चहाला गेले.

त्रेचाळिसापैकी बेचाळीस नावे शहाण्यासारखी सुटली. त्रेचाळिसावे 'कपाट' होते.

आता कपाटाचे पूर्ण रूप काय? तर 'कपाट पानं टिकवतं'. पहिली अक्षरे घेतली की क, पा, ट. टिकवतंची वेलांटी चहात पडली असे मित्र म्हणत असे. पण पूर्ण रूपातला पहिला शब्द पुन्हा कपाटच! त्याचे पूर्ण रूप? कपाट पानं टिकवतं. मग त्यातल्या कपाटाचे? तेव्हाच्या साहेबांनी हा प्रश्न तीनदा विचारला आणि चौथ्यांदा डोके धरले होते.

ही मूळ खोड परदेशातल्या विद्यापीठांत संगणकाशी झटणाऱ्या मंडळींची. एखाद्या प्रोग्रॅमच्या धर्तीवर आपला नवा केला की ते लपवण्याऐवजी 'हा तो नव्हे' असे नावातच सांगून टाकायचे. युनिक्स नावाच्या जुन्या प्रणालीच्या धर्तीवर केलेल्या जीएनयूचे पूर्ण रूप 'जीएनयू म्हणजे युनिक्स नव्हे' अशा अर्थाचे, आणि त्यातले पहिले अक्षर पुन्हा जीएनयूचेच. मित्राने हे सांगितले तेव्हा काका हसून हसून खुर्चीतून घसरले होते. तो मित्र संगणकाच्या गारठ्याच्या खोलीत बाराही महिने लोकरीची टोपी घालून बसे, म्हणून सगळे त्याला टोपीच म्हणत.

काका चहा पिऊन परतले तेव्हा दारातच मॅडम उभ्या होत्या.

"काका, मला एकशे बारा ईमेल आलेत. प्रत्येकात 'पानं टिकवतं पानं टिकवतं पानं टिकवतं'. कोणी धमकी देतंय का मला?"

काकांच्या लख्ख लक्षात आले. बावीस वर्षे जो विनोद ते लोकांना ऐकवत आले होते, तो त्यांनी यंत्राला खरा मानून करायला सांगितला होता. यंत्र इमानदार. एकदा कपाट सोडवी, आतून दुसरे कपाट निघे, ते सोडवी, तिसरे निघे. त्यात कपाटाचे दोन नियम होते, दोन्ही टोपीने हट्टाने घातलेले: जुने काही पुसायचे नाही, आणि बदल झाला की यादीतल्या प्रत्येकाला अख्खी पुस्तिका ईमेलने पाठवायची. प्रत्येक फेरी हा एक बदल होता.

"थांबवा हो!" आतून हेडक्लार्क ओरडले. "माझा मोबाइल टेबलावरून चालत चाललाय!"

काकांनी कळा दाबल्या. यंत्र कामात होते, ऐकेना. शेवटी त्यांनी प्लग उपटला. पुन्हा लावला, तर अर्धवट राहिलेले काम कपाटाने जपून ठेवले होते. ते जिथे थांबले होते तिथूनच सुरू झाले. त्याला गप्प करेपर्यंत प्रत्येकाला चारशे सतरा ईमेल गेले होते.

"कुणाकुणाला गेलेत?" मॅडमनी विचारले.

"आपल्याच लोकांना," म्हणत काकांनी यादी उघडली. बत्तीस पत्ते होते. बत्तिसावा पत्ता टोपीचा होता.

काकांनी यादी मिटली.

अकरा वर्षांपूर्वी कपाटाला प्रशस्तिपत्र मिळाले. "नाव मोठं गमतीदार आहे, कुणाला सुचलं?" असे साहेबांनी सगळ्यांसमोर विचारले आणि काका म्हणून गेले, "मला." टोपी शेजारीच उभा होता. महिन्याभरात नोकरी सोडून तो कुठल्याशा शाळेत संगणक शिकवायला गेला. मग एका दुपारी काकांनी पुस्तिकेच्या पहिल्या पानावरचे 'नाव व कल्पना: टोपी' खोडून तिथे स्वतःचे नाव घातले. ईमेल पाठवणारी कळ त्या एका बदलापुरती बंद ठेवली. पण यादीतून टोपीचा पत्ता काढायचे त्यांना सुचले नाही. चोरी केली, पण तीही धड नाही.

तेव्हापासून पुस्तिकेला कुणी हात लावला नव्हता, म्हणून ते खपून गेले होते. आणि आता ते पहिले पान टोपीकडे चारशे सतरा वेळा गेले होते.

फोन वाजला. नंबर ओळखीचा होता. काका उठून जिन्यात गेले.

"काक्या," पलीकडून आवाज आला, "लिहून पाठवायचं तर एकदा पाठवलं असतंस तरी पोचलं असतं."

"चुकून झालं रे. यादी सोडवायला लावली यंत्राला..."

"कपाट सोडवायला लावलंस? तू?" टोपी खो खो हसला. मग म्हणाला, "पहिलं पान पाहिलं मी."

काका जिन्याच्या पायरीवर बसले. "चुकलं माझं. तेव्हाच सांगायला हवं होतं. रोज सांगायला हवं होतं. नाव तुझं होतं, टोप्या."

"माझं नव्हतं ते."

"काय?"

"तिचं होतं. तुझ्या वहिनीचं."

काकांना ते घर आठवले. टोपीची बायको घरी बाइंडिंगची कामे करी. रविवारी हे दोघे तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर प्रोग्रॅम लिहीत आणि तिच्या हातचे जेवत. लोकांची सुटी पाने ती लोखंडी कपाटात ठेवी.

"दार लावताना म्हणायची बघ, 'कपाट पानं टिकवतं, माणसं नाही.' तिला जीएनयूची गंमत सांगितली, तर म्हणाली, मग हेच घ्या की, आपल्याच पोटात बसतंय. मी दुसऱ्या दिवशी येऊन तुला माझं म्हणून सांगितलं. साहेबांनी विचारलं, तू 'मला' म्हणालास, आणि खरं सांगू? मला वाटलं, सुटलो. पण मग रोज तुझं तोंड पाहिलं की मला माझंच दिसायला लागलं. म्हणून गेलो."

"वहिनींना कळलं होतं?"

"हसली. म्हणाली, चोरावर मोर."

काकाही हसले, आणि हसता हसता त्यांचा चष्मा धुरकटला. वहिनी गेल्याला चार वर्षे झाली होती. बातमी कळली तेव्हा काका बूट घालून दारापर्यंत गेले होते. टोपीसमोर कोणत्या तोंडाने उभे राहायचे, या विचाराने त्यांनी बूट पुन्हा काढून ठेवले होते. त्या वेळी टोपीला कुणीतरी हवे असणार, हे त्यांना पुढे कितीदा तरी वाटले, आणि प्रत्येक वेळी आता उशीर झाला असेही वाटले.

"मी यायला हवं होतं रे," ते म्हणाले.

"हो," टोपी म्हणाला. "हवं होतंस."

काका टेबलापाशी परत आले. फोन कानालाच होता. कपाटाने सगळ्या आवृत्त्या जपल्या होत्या; त्यांनी कालची स्वच्छ प्रत परत आणली आणि पहिले पान उघडले. स्वतःचे नाव खोडले. 'नाव व कल्पना:' याच्या पुढे बोटे अडली. नऊ वर्षे दर रविवारी ज्या घरी जेवले, तिथल्या बाईला ते फक्त वहिनी म्हणत आले होते.

"टोप्या," ते हळूच म्हणाले, "वहिनींचं नाव काय रे?"

टोपीने नाव सांगितले. तिचे, तिच्या वडिलांचे, माहेरचे आडनाव. काकांनी पत्रकात म्हटल्याप्रमाणे सगळे पूर्ण लिहिले, एकही आद्याक्षर न वापरता. ईमेलची कळ या वेळी त्यांनी चालूच ठेवली आणि बदल जपून ठेवला.

"आला!" आतून हेडक्लार्क किंचाळले. "आणखी एक आला!"

"असू दे," काका म्हणाले. "तो वाचा."

"मलाही आला," फोनवर टोपी म्हणाला. "रविवारी येतोस?"

"येतो," काका म्हणाले, आणि पत्ता तोच आहे का, ते विचारले.