पेंढारकर सरांची चेष्टा

सोनागिरीतल्या आमच्या गल्लीत कुत्र्यानं नीट रस्ता ओलांडला, तरी समोरचे पेंढारकर सर गॅलरीतून टाळ्या वाजवतात. "वा, उत्तम!" जन्म ग्वाल्हेरचा, नोकरी शाळेत हिंदी शिकवण्याची. त्यामुळे मराठीही निम्मी हिंदीच.

आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा आम्ही पुण्याहून इथं मुलाकडे आलो. पहिल्याच सकाळी हे काठी टेकत कसेबसे फाटकापर्यंत पोचले, तर वरून आवाज, "चेष्टा करत राहा, जोशीसाहेब!"

माझं टाळकंच सरकलं. आजारी माणसाला असं बोलतात? कणकेच्या हातांनीच मी रस्ता ओलांडला आणि त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मुलगा धावत आला. "आई, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न गं." सर म्हणाले, "काय स्पष्ट बोलता वहिनी, वा!" आता या माणसाशी भांडायचं तरी कसं?

राग मात्र गेला नाही. ह्यांना शब्द भलतेच यायचे. पाणी हवं असलं की "पंखा" म्हणायचे. मी म्हणायची, पंखा नाही, पाणी. म्हणा, पाणी. आणि सर रोज संध्याकाळी येऊन, "पंखा! क्या बात है, साहेब!" त्यांच्यापुढे हे तास तास बडबडायचे, माझ्यापुढे तोंड मिटून. हळूहळू माझ्याशी बोलणंच बंद झालं. माझ्या जिवाची नुसती आग व्हायची.

परवा सरांना आमच्या अंगणातच गाठलं. "हे खोटं कौतुक बंद करा. चुकीचं बोलायची सवय लागली तर निस्तरणार कोण, तुम्ही?"

या वेळी ते "वा" म्हणाले नाहीत. "वहिनी, माझ्या बायकोला, मालतीलाही असाच झटका आला होता. मी पडलो मास्तर. तिचा शब्द न् शब्द सुधारत बसलो. मग ती बोलेनाशीच झाली. जाईपर्यंत घरात नुसता माझाच आवाज."

मला त्यांचा राग आला, माझा आला, त्या मेल्या आजाराचा आला.

एवढ्यात आतून ह्यांची हाक आली, कितीतरी दिवसांनी. "आई!"

सासूबाई केव्हाच गेल्या. घरात दुसरं कुणी नव्हतं, हाक मलाच होती. 'आई नाही' हे अगदी ओठांवर आलं होतं. सर माझ्याकडे बघत उभे होते.

"ओ, आले," मी म्हणाले आणि आत गेले.