नागसेनचं सॉफ्टवेअर एकटंच राजेगावला गेलं

"आता कागद बंद!" राजेगावच्या समाजभवनात शिरत नागसेननं जाहीर करून टाकलं. "एक बटन दाबलं का वर-वधूची जोडी थेट पडद्यावर!"

वर-वधू परिचय मेळावा होता. अध्यक्ष शालिकरामकाका म्हणजे नियमाचा माणूस. अर्जासोबत फोटो, मार्कशीटची झेरॉक्स आणि पालकाची सही यांतलं एक जरी नसलं तरी अर्ज परत! अर्ज तपासायला त्यांची मुलगी संघमित्रा बसायची आणि ती बापापेक्षा कडक. नागसेननं तीन महिने खपून जोड्या जुळवायचं सॉफ्टवेअर बनवलं होतं ते समाजासाठी, असं तो सगळ्यांना सांगायचा. खरं म्हणजे ते संघमित्रासाठी होतं! आज ते झोकात चालवून दाखवायचं आणि लगेच काकांजवळ तिच्यासाठी शब्द टाकायचा, असा त्याचा बेत होता.

त्यानं भवनातल्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला, ऐटीत डबल क्लिक केलं आणि दोनशे लोकांसमोर, भिंतीएवढ्या पडद्यावर, एक चौकट उमटली. एक डीएलएल फाइल सापडत नाही म्हणे!

"काय म्हणून राह्यलं हे?" काकांनी विचारलं.

"काका, हे एकटं चालत नाही. याच्यासंगं दुसऱ्या फायली लागतात. माह्या घरच्या कॉम्प्युटरवर त्या हायेत, म्हणून तिथं मस्त चालते!"

"म्हंजे नवरदेव आला अन् वऱ्हाड घरीच राह्यलं!" पहिल्या रांगेतून त्याची आई रुख्माबाई म्हणाली. झालं! सगळं भवन हसायला लागलं.

मोबाइलला नेटची एकच काडी. त्यावर फाइल उतरवायची तर पुढच्या सालचा मेळावा उजाडला असता. नागसेननं बाहेर धावत जाऊन बालाघाटला घरी बहिणीला फोन लावला. "प्रियंका, मी सांगतो तेवढी फाइल पेनड्राइव्हमधी टाक अन् इकडून जाते त्या गोंदियाच्या बसच्या कंडक्टरजवळ दे. लवकर!"

या रस्त्यावर डबे, औषधं, लग्नाच्या पत्रिका सगळं कंडक्टरच्या हातीच जातं. तासाभरात पेनड्राइव्ह आला. नागसेननं फाइल टाकली, डबल क्लिक केलं. पुन्हा चौकट! आता दुसरीच फाइल सापडत नव्हती.

"एक-एक करून रुसून राह्यले काय रे वऱ्हाडी?" रुख्माबाईनं विचारलं.

तोवर संघमित्रानं निमूटपणे कागदी अर्जांचा गठ्ठा पुढे ओढून नावं पुकारायला सुरुवात केली होती. ते पाहून नागसेनचा जीव कासावीस झाला. तीन महिन्यांची मेहनत आणि ती तर त्याच्याकडे बघतही नव्हती! त्यानं पुन्हा फोन लावला.

"फायलींची नावं मसनात गेली! त्या फोल्डरमधलं सगळंच्या सगळं पाठव. काही म्हंजे काही मागं ठेवू नको!"

"सगळं? पक्कं ना दादा?"

"हौ म्हटलं ना, सगळं!"

पुढची बस आली. सगळं फोल्डर कॉम्प्युटरवर चढलं. डबल क्लिक केलं आणि काय सांगावं, सॉफ्टवेअर उघडलं! टाळ्यांचा कडकडाट झाला. जेवायला गेलेली माणसं हात न धुता परत आली. नागसेननं माइक हिसकावला. "आता पाहा, पहिली जोडी!"

वर क्रमांक एक, नागसेन. वधू क्रमांक एक, संघमित्रा. जुळणी शंभर टक्के.

दोनशे माना संघमित्राकडे वळल्या! नागसेननं घाईघाईनं पुढचं बटन दाबलं. वर क्रमांक दोन, नागसेन. वधू क्रमांक दोन, संघमित्रा. शंभर टक्के!

आता त्याच्या ध्यानात आलं. घरी सॉफ्टवेअर तपासताना खोटी माहिती भरायची होती. चाळीस जोड्यांची नावं कुठून आणायची? मनात होती तीच दोन नावं त्यानं चाळीस वेळा भरली होती. प्रियंकानं 'सगळं' पाठवलं त्यात तीही आली.

घाबरून तो बटन दाबतच सुटला. नवव्या जोडीला मागच्या रांगा सुरात नावं म्हणायला लागल्या.

"बटन सोड रे बाप्पा!" रुख्माबाईनं पदरात तोंड लपवलं.

काका उठून उभे राहिले. "हे कोनं भरलं?"

"मी, काका. टेस्टिंग होती."

"एवढ्या खेपा?"

तेवढ्यात संघमित्रा आली आणि तिनं प्रोजेक्टरची वायर उपटली. नागसेनला वाटलं, संपलं सगळं! पण तिनं त्याच्यापुढे एक कोरा अर्ज ठेवला आणि त्यावर स्वतःचा पेन. तिचे गाल लाल झाले होते.

"कॉम्प्युटरचं मी मानत नाही. हातानं भरा."

काका खाकरले, पण नाही म्हणाले नाहीत. नागसेनला आनंदानं उडी मारावीशी वाटली! त्यानं अर्ज भरला, आईची सही घेतली आणि धावतच नेऊन दिला. संघमित्रानं तो उलटसुलट पाहिला.

"फोटो कुठं हाय? मार्कशीट?"

"घरी हायेत."

"मंग इथं कसं चालन?" तिनं अर्ज परत केला. "चारची बस अजून यायची हाय. बहिणीले फोन लावा. अन् आता लागते तेवढंच मागवा!"