ध्वनिस्रोत जप्त करण्यात येईल

मी एकदा मनावर घेतलं ना, की पालिकेलासुद्धा पळता भुई थोडी होते! हे मी आमच्या घरात डब्यांची घाई चालू असताना, हातातली पळी नाचवत जाहीर केलं. "ते झाकण मी एका फोनमध्ये गप्प करते. एका!"

नवरा मोजे शोधत होता. तो म्हणाला, "कर बाई." त्याला काय! दुपारी तो ऑफिसात असतो. झाकणाबद्दलची त्याची मतं नेहमी शांत असतात.

झाकण म्हणजे गटाराच्या चेंबरचं लोखंडी झाकण. आमचं घर तळमजल्यावर, खिडकीखालीच रस्ता, आणि त्या रस्त्यात बरोब्बर खिडकीसमोर हे महाशय एका कडेनं उचकटून बसलेले. गाडीचं पुढचं चाक गेलं की 'खडांग', मागचं गेलं की 'धडाम'. पाण्याचा टँकर गेला तर कपाटातल्या बरण्या एकमेकींशी भांडायला लागतात! सासूबाईंनी एकदा चिडून झाकणाच्या फटीत जुनं पायपुसणं कोंबलं होतं. ते कचऱ्याच्या गाडीच्या चाकाला गुंडाळून थेट चौकापर्यंत गेलं.

आणि घरात आमची ठकी. दहा महिन्यांची.

ठकीला दुपारी झोपवायचं म्हणजे आधी मांडी, मग खांदा, मग खोलीभर येरझाऱ्या, मग तिचं आवडतं गाणं, ज्याला शब्दही नाहीत आणि चालही नाही. मग हळूहळू पापण्या जड होतात. श्वास लांब होतो. सगळ्यात शेवटी तिची मूठ उघडते, आणि त्या मुठीत सकाळपासून जपलेला माझ्या गाऊनचा दोरा असतो. तो उघडा, घामेजलेला तळहात बघितला की मला वाटतं, या जगात कुणावर रागवण्यासारखं काही नाहीच.

खडांग!

ठकी डोळे उघडून माझ्याकडे अशी बघते, जणू झाकण मीच वाजवलंय. आणि ओट्यावर माझा चहा थंड होत असतो. तिच्या जन्मापासून मी गरम चहा प्यायलेच नाही हो! साय धरलेला, कोमट, पुन्हा गरम केलेला, पुन्हा विसरलेला, हे सगळे प्यायले. गरम नाही. तर माझा लढा या चहासाठी होता. आणि अर्थात लेकीच्या झोपेसाठी. दोन्ही एकच.

मी पालिकेच्या तक्रार केंद्राला फोन लावला. पलीकडून एक गोड आवाज आला.

"बोला मॅडम, झाकण गायब आहे का?"

"नाही, जागेवर आहे."

"फुटलंय का?"

"नाही, चांगलं धडधाकट आहे."

"मग तक्रार काय आहे?"

"ते वाजतं!"

पलीकडे कीबोर्डची खटखट झाली. मग ती म्हणाली, "मॅडम, झाकण गायब आणि झाकण फुटलं, एवढेच पर्याय आहेत माझ्याकडे. वाजणारं झाकण असं काही येतच नाही. मी ध्वनिप्रदूषणात टाकू का?"

"टाका कशातही, पण बंद करा!" मी म्हटलं. आणि तिथेच मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला.

मग एका दुपारची गोष्ट. ठकीची मूठ नुकतीच उघडली होती. चहा कपात ओतला होता. त्यातून वाफ निघत होती, शपथ! आणि बाहेर जीप थांबली. कर्रर्र ब्रेक, दोनदा हॉर्न, मग दाराची बेल, मग बेल वाजली की नाही याची खात्री करायला पुन्हा बेल.

दारात ध्वनी विभागाचे साहेब. गळ्यात ओळखपत्र, हातात आवाज मोजायचं मीटर. आणि माझ्या मागून ठकी. झोपमोड झालेली ठकी! तिचा सूर असा लागला की समोरच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून बाहेर आला.

साहेबांनी मीटर पुढे केलं. आकडे असे धावायला लागले की साहेबच दचकून मागे सरले.

"बाप रे! कारखान्यातसुद्धा एवढं निघत नाही!"

"अहो, ही नाही! ते झाकण!" मी ठकीला थोपटत ओरडले. ओरडावंच लागत होतं.

"कुठाय झाकण?"

मी खिडकीतून बोट दाखवलं. झाकणावर साहेबांची जीप उभी होती! पुढचं चाक बरोब्बर मधोमध, जणू मापून ठेवलेलं.

"वाजत तर नाहीये," साहेब म्हणाले.

"कसं वाजेल? तुमची जीप बसलीय त्याच्या उरावर! ती काढा, मग बघा!"

"जीप कशी काढणार? तक्रारीच्या ठिकाणीच वाहन उभं करायचं, असा नियम आहे आमच्याकडे. नाहीतर पाहणी केली असं धरत नाहीत."

शिंपी रस्त्यापलीकडून म्हणाला, "साहेब, जरा मागे घ्या की गाडी! मी पण ऐकतो रोज!"

"तुमची वेगळी तक्रार करा," साहेब म्हणाले.

सासूबाई आतून आल्या. "अहो, घटकाभर थांबा तरी. एखादा टेम्पो येईलच."

टेम्पो आलाही. जीप बघून त्यानं वळसा घातला आणि आवाज न करता, अगदी मांजरासारखा निघून गेला! मग एक टँकर. तोही मांजरासारखा! त्या दुपारी आमच्या रस्त्यावरून जे काही गेलं ते सगळं मखमलीवरून गेल्यासारखं गेलं. आवाज फक्त एकच चालू होता, आणि तो माझ्या कडेवर होता.

साहेबांनी मीटरवरचा आकडा टिपून घेतला, कपाळ पुसलं आणि "कारवाई होईल" म्हणून निघून गेले. जीप झाकणावरून उतरताना झाकण वाजलं. खडांग आणि धडाम, दोन्ही! साहेबांनी काच वर केली होती.

कारवाई झाली. पालिकेचं पाकीट आलं. मी मोठ्या ऐटीत फोडलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीला माझी ऐट उतरली.

"आपल्या राहत्या घरी तळमजल्यावर एक विनापरवाना ध्वनिस्रोत आढळून आला असून त्याची तीव्रता निवासी भागाच्या मर्यादेपेक्षा पुष्कळ जास्त आहे. सदर ध्वनिस्रोत तात्काळ बंद करावा किंवा शहराच्या हद्दीबाहेर हलवावा. अन्यथा तो जप्त करण्यात येईल."

"ध्वनिस्रोत म्हणजे काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमची नात."

ध्वनिस्रोत जमिनीवर बसून चप्पल चावत होता.

"माझ्या नातीला जप्त करतोय मेला?" सासूबाईंचा चष्मा नाकावरून घसरला. "त्याला म्हणावं, एक दुपार सांभाळून तर दाखव!"

नवरा नोटीस उलटसुलट करत म्हणाला, "परवाना म्हणून जन्मदाखला चालेल का?"

त्याला हसू येत होतं! मला नाही आलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तक्रार कुणाची? माझी! झोप कुणाची मोडली? माझ्या लेकीची! आणि गुन्हेगार कोण? तीच! झाकण मात्र रस्त्यात निवांत उताणं पडलेलं!

मी ठकीला कडेवर घेतलं, पिशवीत बाटली, दुपटं, खुळखुळा आणि नोटीस कोंबली. सासूबाईंनी छत्री घेतली. ऊन होतं म्हणून की साहेबांसाठी, ते मी विचारलं नाही.

ध्वनी विभाग दुसऱ्या मजल्यावर. गंमत बघा, एवढा गोंगाट मी आयुष्यात ऐकला नव्हता! पंखा खटखटतोय, कुणी ठपाठप शिक्के मारतंय, एक खुर्ची नुसतं कुणी श्वास घेतला तरी किंचाळतेय. भिंतीवर पाटी, 'शांतता राखा', तीसुद्धा वाकडी.

मी सरळ साहेबांच्या टेबलापाशी गेले आणि ठकीला त्यांच्या फायलींवर बसवलं.

"घ्या! स्रोत आणलाय. करा जप्त, आणि पावती द्या!"

"अहो मॅडम! टेबलावर काय! अहो, तो शिक्का... तोंडात घालतेय ती! शाई आहे त्याला!"

"जप्त केलेल्या मालाची काळजी घेता येत नाही?" सासूबाईंनी छत्री टेकवली.

"तुम्ही आधी नियम समजून घ्या!" साहेबांचा चेहरा लाल झाला. "मी स्वतःच्या मनानं काही करत नाही. सगळं पुस्तकात आहे!"

आणि त्यांनी कपाटातून वीटभर जाडीचं पुस्तक काढलं आणि उभ्यानं वाचायला सुरुवात केली. "कलम एक. या नियमांस ध्वनिनियंत्रण नियम असे संबोधावे. पोटकलम अ. ध्वनी म्हणजे कोणताही ऐकू येणारा आवाज, तसेच ऐकू न येणारा, परंतु येऊ शकेल असा आवाज..."

काय तो सूर! ना चढ ना उतार. ओलं फडकं फरशीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत न्यावं, तसा. मी भांडायला तोंड उघडलं होतं, त्याचं जांभईत रूपांतर झालं.

ठकीनं शिक्का सोडला. साहेबांकडे टक लावून पाहिलं. कलम दोनला तिनं डोळे चोळले. कलम तीनला ती कलली. मी पटकन दुपटं सारलं, आणि पोरगी बघता बघता फायलींच्या गठ्ठ्यावर गाल टेकवून झोपली. मांडी नाही, खांदा नाही, गाणं नाही! थोड्या वेळानं तिची मूठ उघडली. त्यात फायलीची लाल नाडी होती.

माझा राग कुठे गेला कोण जाणे. मी त्या इवल्याशा शाईभरल्या बोटांकडे बघत राहिले. साहेबही बघत राहिले. म्हणजेच, वाचायचे थांबले.

ठकीच्या कपाळाला आठी पडली.

"थांबू नका!" मी कुजबुजले.

"अहो पण मला..."

"वाचा!" सासूबाईंनी छत्री उचलली.

साहेब वाचत राहिले. शिक्केवाल्यानं शिक्के खाली ठेवले. त्या किंचाळणाऱ्या खुर्चीवरचा कारकून श्वास रोखून बसला. रांगेतली माणसं चपला हातात घेऊन पुढे सरकायला लागली. शिपाई साहेबांचा चहा घेऊन चवड्यांवर आला. साहेबांचे दोन्ही हात पुस्तकात अडकलेले, म्हणून सासूबाईंनी तो कप उचलून माझ्या हातात दिला.

गरम होता.

खरंच गरम होता हो! जीभ पोळली माझी. डोळ्यांत पाणी आलं, ते जिभेमुळे असं मी सगळ्यांना सांगितलं.

आणि मग साहेबांनी तो सूर जराही न बदलता, पुस्तकावरून नजर न हलवता, पुढचं वाचलं. "कलम नऊ, पोटकलम ब, अरे कुणीतरी यांच्या घरासमोरचं झाकण आजच्या आज बसवून घ्या, रबर लावा, सिमेंट लावा, काय वाटेल ते लावा, नोटीस रद्द करा, आणि मला पाणी द्या, पोटकलम क, ध्वनिवर्धकाची व्याख्या..."

बघितलंत? मी म्हटलं नव्हतं, पालिकेला पळवते म्हणून!

संध्याकाळी माणसं आली. झाकण नीट बसवलं, कडेनं रबर लावलं, सिमेंट भरलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यावर स्वतः दोन उड्या मारून बघितल्या. हूं की चूं नाही! शिंपी दुकानातून टाळ्या वाजवत होता. मोबाइलवर पालिकेचा निरोप आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.'

दुपारी मी विजयी मुद्रेनं ठकीला मांडीवर घेतलं. मग खांद्यावर. मग येरझाऱ्या. मग गाणं. बाहेरून टँकर गेला, अजिबात आवाज नाही. ठकी टक्क जागी! ती दाराकडे बघत होती. कुणाची तरी वाट बघावी तशी.

मी वर्तमानपत्रातल्या निविदा वाचून दाखवल्या. ती हसली. सुट्टीच्या दिवशी नवऱ्यानं वॉशिंग मशीनची माहितीपुस्तिका वाचली, पण त्याच्या आवाजात भाव येतात! 'धोका' हा शब्द त्यानं असा म्हटला की ती भ्यायली आणि तासभर रडली. चहावर साय धरली.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "उगाच हट्ट करू नकोस. उद्या छत्री घेते मी."

पालिकेच्या दारात रखवालदारानं अडवलं. "तक्रार असल्याशिवाय वर सोडत नाही, ताई."

"आहे ना!" मी म्हटलं. "दुसऱ्या मजल्यावरची 'शांतता राखा' ही पाटी वाकडी आहे!"

साहेबांनी आम्हाला जिन्यातून वर येताना बघितलं. त्यांनी एक लांब उसासा टाकला. मग फायली नीट रचल्या, शिपायाला दोन कपांची खूण केली, ते वीटभर पुस्तक उघडलं आणि पानावर बोट ठेवून विचारलं, "त्या दिवशी पोटकलम क झालं होतं ना?"

तर वाचकहो, तुमच्या गल्लीत काही खुटखुटत असेल, गळत असेल, वाकलेलं, तिरकं झालेलं असेल, तर मला जरूर कळवा. फुकटात पाठपुरावा करीन. वाकडी पाटी त्यांनी सरळ केलीय, आणि उद्या दुपारसाठी माझ्याकडे एकही तक्रार शिल्लक नाही!